नदीपलीकडच्या दहा खोल्या

नोकरीत शेकडो गुन्हे हाताखालून गेले. बहुतेकांची कलमं आणि निकाल आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एक प्रकरण मात्र कधी मिसळलं नाही. त्यातली माणसं, निदान त्यांची मुलंबाळं, अजून याच भागात असतील, म्हणून नावं देत नाही. एक सुतार होता आणि एक गवंडी होता, एवढं वाचकांना पुरे.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. वर्धा नदी ओलांडली की हैदराबाद राज्य लागायचं. नदी तीच, दोन्ही काठांवरची माणसं एकमेकांची सोयरी, पण कचेऱ्या वेगळ्या, कायदे वेगळे. इकडचे कागद मराठी-हिंदीत, तिकडचे बरेचसे अजून उर्दूत. माझं ठाणं नदीपासून दोन कोसांवर होतं. फौजदार होऊन मला जेमतेम तीन वर्षं झाली होती. आमच्याकडे यायच्या त्या तक्रारी चोरलेल्या सागवानाच्या, हाकलून नेलेल्या बैलांच्या, मोहाच्या दारूच्या. वाघानं मारलेल्या माणसाचा पंचनामा वर्षातून दोन-तीनदा करावा लागे. खुनाचा तपास मी स्वतंत्रपणे एकही केला नव्हता. तो करायची मला हौस होती, हेही इथे कबूल केलं पाहिजे.

पौष महिन्यात एका सकाळी, हजेरी नुकतीच संपली होती, तेव्हा एक माणूस व्हरांड्यात येऊन उभा राहिला. तो सुताराचा मेहुणा होता. जंगल कंत्राटदाराकडे कारकुनी करायचा.

"साहेब, माहे भाऊजी पाच दिवसांपासून घरी नाईत," तो म्हणाला.

"कुठे गेले?"

"गवंड्यासंगं नदीपल्याड गेल्ते. गवंडी वापस आला. भाऊजी नाई आले."

"गवंडी काय म्हणतो?"

"म्हणते, येतीन. बस. येतीन म्हणते अन् खाली पाह्यते."

मी हरवल्याची खबर लिहून घ्यायला सांगितली. सही करून झाल्यावरही तो गेला नाही. मग आवाज उतरवून म्हणाला, "साहेब, पल्याड खाणीजवळ त्या दोघाईच्या दहा खोल्या हायेत. किरायाच्या. तिथला एक किरायेदार मले बाजारात भेटला. म्हणे, या महिन्यापासून पावतीवर एकट्या गवंड्याचंच नाव हाय. भाऊजीचं नाव गेलं, अन् मंग भाऊजीच गेले. तुमीच समजून घ्या."

मी समजून घेतलं. फार लवकर समजून घेतलं.

सुतार आणि गवंडी यांची जोडी गावात सगळ्यांना ठाऊक होती. एक हिंदू, एक मुसलमान. वीस वर्षं दोघांनी मिळून कामं घेतली होती. भिंती गवंड्याच्या, दारं-खिडक्या आणि छप्पर सुताराचं. नदीपलीकडे राजुऱ्याच्या बाजूला कोळशाची खाण होती. तिथे मजुरांना राहायला जागा नव्हती. दोघांनी तिथे एक पडीक तुकडा घेतला आणि तीन उन्हाळ्यांत आपल्या हातांनी दहा खोल्यांची ओळ उभी केली. वाडवडिलांचं काही नव्हतं, दोघांच्याही आयुष्यात हीच एक मिळकत. गवंड्याला मूलबाळ नव्हतं. सुताराला दोन मुली होत्या. थोरलीची सोयरिक चिमूरकडच्या एका घराशी पक्की झाली होती आणि लग्न फाल्गुनात धरलं होतं.

पहिल्या दोन दिवसांत जे हाती लागलं ते सगळं गवंड्याच्या विरुद्ध होतं. डोंगेवाल्या ढिवरानं जबाब दिला की सकाळी दोघं पलीकडे गेले आणि दुपारी गवंडी एकटाच परत आला. "चुप होता साहेब. नेहमी तंबाखू मागते, त्या दिवशी मांगली नाई." गवंड्याच्या घराची झडती घेतली, तर सुताराची हत्यारांची पेटी त्याच्या कोनाड्यात सापडली. रंधा, वासला, पटाश्या, करवत, सगळं तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं. सुतार गावाला गेला तर हत्यारं घेऊन जातो, आणि काम नसेल तर घरी ठेवतो. दुसऱ्याच्या घरी ठेवत नाही. ढिवरांकडून डोहांत जाळी टाकून पाहिली. राजुऱ्याच्या पोलिसांना पत्र लिहिलं. प्रेत कुठेच मिळालं नाही.

सुताराच्या बायकोचा जबाब मी त्यांच्या अंगणात बसून घेतला. ती शांत बाई होती. नवऱ्याचं कोणाशी भांडण नव्हतं, असं तिनं सांगितलं. दोन-तीन महिने तो घरात कमी बोलायचा. जेवायला वेगळा बसायचा.

"गवंड्यावर तुमचा संशय आहे का, बाई?" मी विचारलं.

"नाई," ती म्हणाली. "माह्या भावाचा हाय. माहा नाई."

मी तिचं हे उत्तर लिहून घेतलं आणि बाजूला ठेवलं. आप्तांचा विश्वास हा पुरावा नसतो, असं आम्हाला शिकवलेलं असतं.

गवंड्याला अटक केली. मॅजिस्ट्रेटनी सात दिवसांची पोलीस कोठडी दिली. बातमी बाजारात पसरली तशी हवा बिघडू लागली. तो मुसलमान आणि हा हिंदू, एवढीच गोष्ट काही लोकांच्या तोंडी राहिली. गवंड्याच्या घराच्या कौलांवर भरदिवसा दगड पडले. त्याची म्हातारी बायको शेजाऱ्यांच्या घरात जाऊन राहिली. सर्कल इन्स्पेक्टर साहेबांचा निरोप आला, लवकर उलगडा करा, बाजार तापतो आहे.

मी गवंड्याला समोर बसवून विचारायचो. पन्नाशीचा, उंच, खांदे पुढे झुकलेला माणूस. बोटांच्या भेगांत चुना कायमचा बसलेला.

"सुतार कुठे आहे?"

"माहीत नाई साहेब."

"पलीकडे त्याला कुठे सोडलंस?"

"खोल्या पाह्यल्या आमी. मंग तो गेला."

"कुठे गेला?"

"त्याले जाचं होतं तिथी."

"खोल्या तुझ्या एकट्याच्या नावावर कशा झाल्या?"

या प्रश्नाला तो वर बघायचा. "त्यानंच केल्या. मी नाई म्हणत होतो."

"का केल्या?"

मग पुन्हा गप्प. चार दिवस हेच. सराईत माणूस खोटं बोलतो. भित्रा माणूस निरनिराळं बोलतो. हा दोन्ही करत नव्हता. जिथे थांबायचं तिथेच रोज थांबत होता. अनुभवी अधिकाऱ्यानं त्यातून काहीतरी ओळखलं असतं. मी त्याला मुजोरी समजलो.

चौथ्या दिवशी दुपारी मी एका दणकट शिपायाला आत पाठवलं आणि स्वतः व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. कशासाठी पाठवतो आहे हे त्याला सांगावं लागलं नाही. मी आवाज ऐकत होतो. थोड्या वेळानं शिपाई बाहेर आला आणि म्हणाला, "काही बोलत नाई साहेब. रडते, पण बोलत नाई." मी आत गेलो तेव्हा गवंडी डाव्या कानावर तळहात दाबून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांद्याचे एक वकील आपणहून ठाण्यावर आले. वयस्कर, काटकसरीनं बोलणारे. खोल्यांचे कागद त्यांनीच केले होते. पक्षकाराची बाब बाहेर सांगायची नाही म्हणून ते आठ दिवस गप्प होते. कोठडीत जाऊन त्यांनी गवंड्याला पाहिलं, परत आले आणि माझ्यासमोर बसले.

"फौजदारसाहेब, त्याचा कान पाहिलात?"

मी जबाबाचा कागद पुढे ओढला.

"मग ऐका. दोघं माझ्याकडे कार्तिकात आले. प्रश्न साधा होता. दुसऱ्या राज्यातली भाड्याची मिळकत, दोघांची मिळून. ती पुढे कोणत्या स्वरूपात ठेवायची? मी एकेक मार्ग सांगत गेलो. पहिला, आहे तशी दोघांच्या नावावर राहू द्या. पण एक गेला की त्याच्या वारसांना पलीकडच्या कोर्टात उभं राहावं लागेल. उर्दू कागद, तिकडचा वकील, बाईमाणसानं नदी ओलांडून तारखा करायच्या. दुसरा, भागीदारीची पेढी करा. करारात लिहा की एक भागीदार गेला तरी पेढी मोडणार नाही. तिसरा, विश्वस्तनामा. मला तोच पसंत होता. खोल्या विश्वस्ताच्या हाती द्यायच्या, आणि भाडं कोणाला मिळावं ते दस्तात लिहून टाकायचं. मालक जगो वा मरो, भाडं बायकोमुलींना मिळत राहतं. कंपनीचंही सांगितलं. कंपनी म्हणजे कायद्यानं जन्माला घातलेला माणूस. तो मरत नाही, पण त्याला दरवर्षी खाऊ घालावं लागतं. दहा खोल्यांना तो पाहुणा झेपणार नाही. त्यावर गवंडी हसला. सुतार हसला नाही."

"मग?"

"सुतार प्रत्येक वेळी एकच विचारायचा. 'यात माहं नाव कुठी लिहिल्या जाईल? ते कोणाले पाहाले भेटन?' मी म्हटलं, पेढीची नोंद होते, ती कोणीही पाहू शकतो. विश्वस्तनाम्याचीही नोंदणी होते, त्यात तुझं, बायकोचं, मुलींचं नाव येईल. कंपनीचं तर सगळंच उघड. तो म्हणायचा, 'मंग ते नाई.' शेवटी म्हणाला, 'एकट्या गवंड्याच्या नावावर करा. त्याचं आजोळ तिकडचं हाय. त्याले उर्दू येते. मी हक्क सोडतो.' गवंडी उठून उभा राहिला. म्हणाला, 'नाई. माह्या एकट्याच्या नावावर नको. उद्या लोकं मले चोर म्हणतीन.' मीही सांगितलं, की यात तुझ्या बायकोमुलींच्या हातात काही राहत नाही. हा सगळ्यांत कच्चा मार्ग आहे. सुतार म्हणाला, 'हा हाय ना. हा कच्चा नाई.' आणि गवंड्याकडे पाहत राहिला."

हक्कसोडपत्र मार्गशीर्षाच्या अखेरीस झालं. त्यानंतर दहाव्या दिवशी सुतार बेपत्ता झाला होता. मी वकिलांना म्हणालो, "तुम्ही त्याला वाचवायला आलात, पण हे ऐकून तर मी त्याला फाशीच्या जवळच नेईन."

"ठाऊक आहे. म्हणून दुसरा कागदही सांगतो." वकिलांनी सांगितलं की गवंड्यानं आग्रह धरून एक चिठ्ठी लिहून दिली होती. ती लाखेनं बंद करून त्यांच्याकडे ठेवलेली होती. मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं ती दुपारी उघडली. अर्ध्या खोल्या सुताराच्या आहेत, त्यांचं भाडं दर महिन्याला त्याच्या बायकोच्या हातात देईन, दोन्ही मुली आपल्या घरी नांदू लागेपर्यंत आणि पुढेही, यात कसूर झाली तर खुदा मला पाहील, असं त्यात वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं. खून करणारा माणूस अशी चिठ्ठी लिहून वकिलाकडे ठेवत नाही. माझ्या तपासाचा पाया हलला. पण सुतार कुठे होता?

निघताना वकिलांना एक गोष्ट आठवली. ती त्यांनी सहज सांगितली. "पाकीट बंद करताना सुतारानं कागद अंगठ्यानं दाबून धरला होता. माझा हात हलला आणि जळत्या लाखेचा थेंब त्याच्या अंगठ्यावर पडला. मीच दचकलो. तो हूं की चूं नाही. गवंड्यानंच झटकन त्याचा हात ओढून घेतला. सुताराचे हात, राठ झालेले असतात म्हणा."

वकील गेले. दाराशी आमचे वृद्ध जमादार उभे होते. पेन्शनीला सहा महिने राहिलेला, कमी बोलणारा माणूस. ते म्हणाले, "साहेब, सुताराचं बोट राठ असते. पण आगीपुढं कोणाचंच बोट राठ नसते. माह्या मामाचं असं झालतं. चूल पेटवताना बोट जळे, तरी त्याले समजे नाई. मंग त्यानं घर सोडलं."

मला आधी कळलंच नाही. मग एकदम सगळं कळलं. जेवायला वेगळं बसणं. हत्यारं दुसऱ्याकडे ठेवणं, कारण बोटांना पटाशीची धार कळेनाशी झाली होती. नाव कुठेही उघड न होऊ देण्याची धडपड. फाल्गुनातलं लग्न. आमच्या मुलखात तेव्हा कुष्ठरोगाला महारोग म्हणत आणि तो एका माणसाला होत नसे, अख्ख्या घराला होई. बापाला आहे असं कळलं की मुलींना कोणी करून घेत नसे.

मी कोठडीत गेलो. या वेळी खाली, त्याच्यासमोर बसलो.

"सुताराला महारोग झाला आहे," मी म्हणालो.

गवंडी माझ्याकडे बघत राहिला. मग तो एवढंच म्हणाला, "मी सांगतलं नाई ना साहेब? तुमीच म्हटलं. तुमीच म्हटलं, मी नाई सांगतलं." आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला. जमादार तोंड फिरवून उभे राहिले.

सुतार कुठे आहे हे त्यानं तेव्हाही सांगितलं नाही. ते मी स्वतः शोधलं. पलीकडच्या एका लहानशा स्टेशनावर चौकशी केली. तिथल्या मास्तरांना आठवत होतं, कारण दक्षिणेकडच्या तेलुगू मुलखातल्या एका स्टेशनाचं तिकीट त्यांनी वर्षभरात दुसऱ्या कोणाला विकलंच नव्हतं. तिकीट एका उंच माणसानं काढलं आणि हात धोतराच्या सोग्यात गुंडाळलेल्या दुसऱ्या माणसाला गाडीत बसवून दिलं. गाडी गेल्यावरही तो बराच वेळ फलाटावर उभा होता, असं मास्तर म्हणाले.

तिकिटावरच्या त्या गावाबाहेर मिशनचा महारोग्यांचा दवाखाना होता. जमादारांना घेऊन मी तिथे पोचलो तेव्हा सुतार झाडाखाली बसून दुसऱ्या रुग्णांच्या कुबड्या तासत होता. बोटांना फडकी बांधलेली. खाकी कपडे पाहून तो उठला नाही.

"घरी समजलं काय?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"नाही."

"मंग साहेब, एक काम करा. मी नदीत बुडून मेलो असं लिवा. तुमाले काय फरक पडते? पोट्टीचं लगन होऊन जाईन."

"तू मेलास असं लिहिलं, तर तुला कोणी मारलं हे लिहावं लागेल," मी म्हणालो. "गवंडी आठ दिवस कोठडीत आहे. तुझ्या खुनाच्या आरोपाखाली."

त्याला हे माहीत नव्हतं. "त्यानं सांगतलं नाई?"

"नाही."

"मारलं त्याले?"

मी हो म्हणालो. सुतार उठला. हातातली कुबडी झाडाला टेकवून ठेवली, अंगावरचा भुसा झटकला आणि म्हणाला, "चाला."

तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, याचा प्रकार लागट नाही. आता यावर गोळ्या निघाल्या आहेत. औषध घेत हा आपल्या घरी, बायकोमुलींत राहू शकतो. डॉक्टरांनी सुताराला हे आल्या दिवशीच सांगितलं होतं, पण त्याचा विश्वास बसत नव्हता. त्यांनी तसं लिहूनही दिलं. तरी गाडीत बसू देण्याआधी गार्डनं डॉक्टरांची ती चिठ्ठी तीनदा वाचली, आणि शेवटी सामानाच्या डब्याकडे बोट दाखवलं. सुतार पोत्यांना टेकून बसला. संबंध प्रवासात तो एकदाच बोलला. म्हणाला, "त्यानं मले म्हटलं होतं साहेब, मिस्त्री, वहिनीले सांग. मीच नाई ऐकलं."

मी मॅजिस्ट्रेटना आधी भेटून विनंती केली होती. त्यांनी सुताराचा जबाब भरल्या कोर्टात न घेता आपल्या खोलीत घेतला. गवंड्याला सोडायचा हुकूम झाला. गुन्हा घडलाच नव्हता, म्हणून प्रकरण बंद. कागदोपत्री माझा तपास यशस्वी होता. बेपत्ता माणूस जिवंत सापडला होता, बाजार शांत झाला होता, सर्कल साहेबांनी पाठ थोपटली.

पण कोर्टाच्या आवारात शंभर माणसं उभी होती. मेलेला सुतार जिवंत परत आला हे पाहायला ती आली होती, आणि त्यांनी त्याचे हात पाहिले. खोलीचं दार बंद करून काय होणार होतं? संध्याकाळच्या आत गावाला कळलं. आठवड्याच्या आत चिमूरकडच्या लोकांनी निरोप पाठवला की मुलाचा यंदा योग नाही.

सुताराची बायको आवारातच होती. नवरा बाहेर आला तेव्हा लोक मागे सरकले, ती पुढे झाली. तो म्हणाला, "जवळ नको येऊ." ती थांबली नाही. अगदी समोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, पण व्हरांड्यात उभ्या असलेल्या मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"वकिलाले इचारलं. गवंडीभाऊले इचारलं. सगळ्याईले इचारलं तुमी, मले काऊन नाई इचारलं? मी काय तुमाले हाकलून देल्लं असतं?"

खोल्यांचं काय करायचं यासाठी सुतारानं इतके मार्ग तपासले, प्रत्येकाचं भलंबुरं पाहिलं. घरी बायकोला सांगण्याचा मार्ग त्यानं तपासलाच नव्हता.

ती त्याच्याबरोबर गेली. धाकटीला घेऊन, त्याच दवाखान्याच्या आवाराबाहेर झोपडी बांधून राहिली. सुताराची बोटं पुन्हा सुधारली नाहीत, पण रोग पुढे सरकला नाही. तो आणखी सहा-सात वर्षं जगला आणि तापानं गेला. थोरली मुलगी मात्र आईबापांबरोबर गेली नाही. ती नदी ओलांडून त्या दहा खोल्यांपैकी एकीत राहायला गेली. गवंड्यानं वकिलांकडे जाऊन कागद पुन्हा केले. अर्ध्या खोल्या उघडपणे सुताराच्या बायकोच्या नावावर. आता लपवायचं काही उरलंच नव्हतं. थोड्याच काळात राज्यांची नव्यानं आखणी झाली आणि दोन्ही काठ एकाच राज्यात आले. ज्या परराज्याच्या कोर्टाची सगळ्यांना धास्ती होती, ते परराज्यच राहिलं नाही.

बदली होण्याआधी मी एकदा त्या खोल्यांवर गेलो. थोरली मुलगी तिथे खाणीतल्या बायकांचे कपडे शिवून देत होती. मला ओळखून तिनं मशीन थांबवली. मी विचारलं, बरं चाललं आहे ना?

"चालून राह्यलं," ती म्हणाली. "इथी कोणी काई इचारत नाई." आणि तिनं पुन्हा मशीन सुरू केली. लग्न तिनं केलं नाही, असं पुढे कानावर आलं.

गवंडी मला त्याच दिवशी तिथे भेटला. एका खोलीची ढासळलेली कड तो नीट करत होता. मी त्याच्या डाव्या बाजूनं बोलायला लागलो, तर त्यानं मान वळवली आणि म्हणाला, "इकडून बोला साहेब. त्या कानानं ऐकू नाई येत." त्यात तक्रार नव्हती. त्यामुळे मला ते अधिक जड गेलं. मी माफी मागायला गेलो होतो. मागितलीही, पण कशी ते आता आठवत नाही. नीट मागितली नसणार.

मग मी त्याला विचारलं, "तुम्ही पहिल्याच दिवशी खरं का सांगितलं नाही? चिठ्ठी होती, वकील होते, सगळं तुमच्या बाजूचं होतं. निदान चिठ्ठी आहे एवढं तरी सांगायचं."

"चिट्ठी काढली असती तर तुमी इचारलं असतं, काऊन लिहिली? मंग काय सांगतलं असतं?"

"पण तुमच्यावर खुनाचा आळ होता. फाशी झाली असती."

त्यानं हातातली थापी खाली ठेवली. "कागदात जे लिहिलं होतं साहेब, ते कोर्टानं पाह्यलं असतं. जे लिहिलं नाई, ते तर मलेच पाहा लागत होतं ना?"

पुढे तीस वर्षं मी तपास केले. मिळकतीची भांडणं आली, खून आले, भावाभावांचे, भागीदारांचे. प्रत्येक वेळी पोलिसाचा पहिला प्रश्न असतो, याचा फायदा कोणाला? तो प्रश्न चुकीचा नाही. बहुतेक वेळा तोच गुन्हेगारापर्यंत नेतो. पण तो कागदावरच्या नावाशी जाऊन थांबतो, आणि मीही तिथेच थांबलो होतो. गप्प बसलेला माणूस स्वतःसाठीच गप्प असतो, असं मी धरून चाललो. तो दुसऱ्या कोणासाठी गप्प असू शकतो, हे मला माझ्या नोकरीनं शिकवलं नव्हतं. ते एका निरपराध माणसाच्या कानाच्या किमतीवर मी शिकलो, आणि ती किंमत मी दिलेली नव्हती.